तुमच्या रकान्यातली वाटी

प्रिय राधाक्का,

उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होतं. सकाळी शास्त्री येतील, तुमचे भाऊ ओल्या धोतराने पाटावर बसतील, आणि तुमचं पान मला वाढायचं आहे. तुमच्या आवडीचं काय करावं, एवढी एकच साधी गोष्ट काल मला ठरवायची होती. ती ठरवायला गेले आणि जे हाती लागलं, त्याने कालपासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. म्हणून हे पत्र. अक्षरं तमिळ आणि भाषा आपली घरातली मराठी, आपण दोघी सामानाची यादी लिहायचो तसंच. तुम्ही ते कुठून वाचणार मला माहीत नाही. पण माझ्या मनातलं न सांगता वाचायची तुम्हाला सवयच होती, तेव्हा वाचालच.

आधी एक सांगून टाकते. मी तुमच्यावर जळत होते. रोज जळत होते, पापनाशमहून लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून नाही, पण वसू तुमचं बोट धरून चालायला लागली तेव्हापासून नक्की! माझी मुलगी, अक्का. नऊ महिने मी वाहिलेली. आणि तिच्या तोंडी सकाळ-संध्याकाळ एकच शब्द, अत्या. अत्या म्हणाली, अत्याने दाखवलं, अत्याला विचारते.

तुम्ही मुलींच्या शाळेत ड्रिल टीचर. पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी. लग्न केलं नाहीत, भावाच्या घरी राहिलात, आणि राहिलात तेही कुणाला जड न होता. तेच मला जड जायचं. भांडायला काही जागा तर ठेवायचीत!

आणि ती मानेची गोष्ट. वसू अकरा वर्षांची. मानेवर, कानांच्या मागे काळा पट्टा दिसायला लागला होता. मला वाटलं मळ. दर शनिवारी तेल घालून न्हाऊ घालताना मी मुगाचं पीठ आणि हळद लावून ती मान घासायची. पोरगी रडायची, मी आणखी घासायची. एक दिवस तुम्ही न्हाणीघराच्या दारात उभ्या राहिलात.

"सरोजा, घासूं नको गे. तें मळ नाही."

"मग काय आहे?"

"डॉक्टरला दाखवूं. आमच्या शाळेंत एका पोरीला असंच होतं."

अकरा वर्षं मी तिला न्हाऊ घातलं आणि दिसलं तुम्हाला! त्या दिवशी मी तुमचे उपकार मानायला हवे होते. मी काय केलं? तांब्या आपटला.

लेडी डॉक्टरांनी मान पाहिली, वजन केलं, रक्त तपासलं, आणि मग वसूकडे बघायचं सोडून आपल्याकडेच बघत बसल्या. आजोबांना साखर होती का? होती, मामंजींचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता. वडिलांना? आहे, गोळ्या चालू आहेत. अत्याला? तुम्ही हसून हात वर केलात, वर्गात हजेरी देतात तसा. डॉक्टर म्हणाल्या, हिला अजून झालेली नाही, पण ही त्याच वाटेवर आहे. लहान मुलांना हा मोठ्यांचा आजार होताना आता दिसतो आहे. हिला वाटेतच थांबवायची.

अक्का, मला मामंजींचा तो पाय दिसला. ड्रेसिंग मीच तर करायचे.

पण डॉक्टरांनी औषध दिलंच नाही. वही दिली. दर दुसऱ्या शनिवारी दवाखान्याच्या वरच्या हॉलमध्ये अशा आठ-दहा घरांचा वर्ग. नुसती मुलं नाही, घरचे सगळे. "पोरीला एकटीला वेगळं ताट वाढायचं नाही. घरात जे शिजेल ते सगळ्यांनी खायचं, सगळ्यांनी चालायचं आणि सगळ्यांनी लिहायचं," असं त्यांनी ठणकावलं होतं. वहीत चार रकाने आखले: वसू, बाबा, अत्या, आई. आखले तुम्ही, पट्टी धरून.

आठवतं, त्या वर्षांत आपलं घर किती बदललं होतं? केबल आली. वसू शाळेतून आली की बेकरीतला पफ हातात आणि डोळे टीव्हीत. यांनी स्कूटर घेतली आणि जी पोरगी शाळेला चालत जायची ती मागे बसून जायला लागली. जुन्या बस स्टँडजवळ आइस्क्रीमचं थंडगार दुकान निघालं, आपण रविवारी नटून तिथे जायचो. मला त्याचा केवढा अभिमान! माझ्या लहानपणी पापनाशममध्ये दिवाळीशिवाय गोड नव्हतं. माझ्या मुलीला रोज मिळतं, ही माझी मिरवायची गोष्ट होती. आणि तुम्ही आणि त्या डॉक्टर मिळून तीच काढून घेत होता.

मग सुरू झालं तुमचं राज्य! भात पळीने मोजून. अर्ध्या पानावर भाजी आणि कीरै, म्हणजे पालेभाजी. दुपारच्या पफऐवजी उकडलेल्या कडधान्याचं सुंडल. आठवड्यातून दोनदा तांदळाऐवजी सामैचा, त्या बारीक भरडधान्याचा भात, जो खाताना तुमचे भाऊ असा चेहरा करायचे जणू त्यांना कोर्टात उभं केलंय. जेवताना टीव्ही बंद. आणि रोज पहाटे मोठ्या देवळाच्या बाहेरच्या भिंतीला वळसा घालून खंदकाच्या कडेने फेऱ्या. तुम्ही पुढे, वसू मागे, मग वसू पुढे, तुम्ही मागे. हे रडतखडत जायचे, पण जायचे. मी?

"येतीस कां गे सरोजा?" तुम्ही रोज विचारायचात. रोज, अक्का! कंटाळा कसा यायचा नाही तुम्हाला?

"मला कामं आहेत," मी म्हणायची. कामं कसली? तुम्ही परत येईपर्यंत मी दारात उभी असायची. कोपऱ्यावरून हसू आधी ऐकू यायचं आणि मग तुम्ही दोघी दिसायचात. काय एवढं हसत होता? मी विचारलं तर वसू म्हणायची, "कांही नाही आई, असंच." त्या 'असंच'वर मी दार लोटून आत जायची.

माझा रकाना रिकामा राहिला. मी वहीला हातही लावला नाही. तुमच्या हाताने आखलेल्या रेघांत माझं जेवण कशाला लिहू?

आता प्रसादाचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आपल्या घरात शुक्रवारी देवीला शर्करा पोंगलाचा, गुळाच्या गोड भाताचा नैवेद्य, हा तुमच्या आजीपासूनचा नेम. प्रसाद आपण खातो असं म्हणत नाही, घेतो म्हणतो. तो तळहातावर घ्यायचा, नाही म्हणायचं नाही. पहिल्याच शुक्रवारी तुम्ही वही उघडलीत तेव्हा मी अडवलं. "प्रसाद लिहायचा नसतो. देवाचं आहे तें. पोरीच्या नावावर अन्न म्हणून लिहिलंत तर देवीला काय वाटेल?"

तुम्ही वही मिटलीत. मग म्हणालात, "सरि. असो दे. तिच्या नावावर नाही लिहिणार."

मी जिंकले! या घरात पहिल्यांदा तुमच्याशी काहीतरी जिंकले. आणि एकदा दार उघडल्यावर मी थांबते कशाला? त्या वर्षी आपल्या घरात देवांची संख्या भराभर वाढली, तुमच्या लक्षात आलंच असेल. मंगळवारी मुरुगन. प्रदोषाला शिव. चतुर्थीला गणपती. गुरुवारी कोण होतं ते आता मलाही आठवत नाही. आणि प्रसाद तळहातावरून वाटीत आला. गूळ तुपात सुटलेला, वर काजू, चिमूटभर खाण्याचा कापूर. वसू वाटी घ्यायची, डोळे मिटून खायची, आणि तेवढा वेळ ती माझी असायची. पाच मिनिटं. मला तेवढीच हवी होती.

मी ढवळत असले की तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहायचात. "वेलची घातलीस कां? कापूर ज्यास्त नको घालूस," म्हणायचात आणि एक मोठा श्वास घेऊन निघून जायचात. मला वाटायचं, पाळत ठेवताहेत.

सहा महिने झाले, वसूचं वजन तसंच. दवाखान्यातला तो शनिवार आठवतो? डॉक्टर वही चाळत होत्या, मी बाकावर. त्यांनी एका पानावर बोट ठेवलं आणि तुमच्यावर कडाडल्या, "टीचर, तुम्हीच असं केलंत तर घराने कुणाकडे बघायचं? तुम्हाला साखर आहे, विसरलात का?" तुम्ही मान खाली घातलीत, हसलात, म्हणालात, "चुकलंच."

काय चुकलं ते मी विचारलं नाही. मला त्याच्याशी काय करायचं होतं? डॉक्टरांनी तुम्हाला झापलं, एवढंच मला पुरेसं होतं. त्या दिवशी घरी येताना मी मोगऱ्याचा गजरा घेतला होता. त्या आनंदात! आज हे लिहिताना लाज वाटते आहे, पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू.

आणि मग तो दिवस, जो मी पुसून टाकला असता, जमलं असतं तर. वसू शहाणी झाली ती तुमच्याबरोबर फेरीत. तिने ते तुम्हाला सांगितलं. मला तुम्ही सांगितलंत. माझ्या मुलीची ती बातमी मला दुसऱ्याच्या तोंडून! घरात बायका जमल्या, वसूला नवं पावडै, घोळदार परकर, नेसवून बसवलं, आणि मी रीतीप्रमाणे उडदाच्या पिठाची शिजवलेली कळी घेऊन आले, गूळ आणि तिळाचं तेल घातलेली, वाडगा भरून. तुम्ही हळूच म्हणालात, "एक घास दे गे. वाडगा नको."

मी सगळ्यांसमोर बोलले, "ज्यांच्या पोटी पोर नाही, त्यांनी दुसऱ्याच्या पोरीचा घास मोजूं नये."

अय्यो, अक्का! कसं आलं माझ्या तोंडून? तुम्ही माझ्या हातातला वाडगा घेतलात, वसूला एक घास भरवलात, वाडगा परत माझ्या हातात दिलात आणि आत गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे बुटाच्या नाड्या बांधताना पुन्हा तेच. "येतीस कां गे सरोजा?"

मी माफी मागितली नाही. वाटलं, मागू कधीतरी. तुम्ही काय पळून जाता आहात का? दोन महिन्यांनी शाळेच्या मैदानावर मुलींना रांगेत उभं करता करता तुम्ही खाली बसलात आणि दवाखान्यात पोचण्याआधी गेलात. शिटी गळ्यातच होती. असं कुणी जातं का? निदान एक दिवस आजारी पडायचं होतं. मी पाय चेपले असते, मग बोलले असते.

तुम्ही गेल्यावर मला वाटलं, आता वसू माझी. नाही झाली! ती एकटी फेऱ्यांना जायला लागली. वहीही लिहीत राहिली. मी एका शुक्रवारी वाटी पुढे केली तर तिने तळहात पुढे केला, चमचाभर घेतलं, डोळ्यांना लावलं आणि उठली. मला वाटलं, दुःख आहे. मग शुक्रवारांमागून शुक्रवार तसंच. वाटी नाहीच. हळूहळू माझे मुरुगन, शिव, गणपतीही आपापल्या ठिकाणी परत गेले.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेलो होतो. वसूचं रक्त चांगलं आलंय, अक्का. मान उजळली आहे, तो पट्टा आता शोधावा लागतो. डॉक्टर म्हणाल्या, सावध राहायचं, सोडायचं नाही, पण पोरगी त्या वाटेवरून मागे फिरली आहे. माझे डोळे भरून आले. आणि पुढचं वाक्य काय? "हे सगळं तुमच्या नणंदेने केलं." मेल्यावरही तुम्हीच! मी हसून मान डोलावली आणि आतून पुन्हा तशीच पेटले.

आता कालचं सांगते. मी यांना विचारलं, अक्कांना काय आवडायचं? यांना आठवेना. म्हणाले, लहानपणी सगळंच आवडायचं, मग साखर झाली आणि तिने काहीच मागितलं नाही. वसूला विचारलं. ती म्हणाली, "वहीत बघ, आई. अत्या काय खात होती तें सगळं आहे."

मी पहिल्यांदा ती वही उघडली. तुमचा रकाना. दोन इडल्या. कीरै, भात एक पळी. ताक. आणि मग शुक्रवार: शर्करा पोंगल, एक वाटी. मंगळवार: शर्करा पोंगल, एक वाटी. प्रदोष: एक वाटी. पान उलटलं, पुन्हा. तुमच्याच गोल अक्षरात, ओळीमागून ओळ.

खरं सांगू? मला आनंद झाला! उकळ्या फुटल्या! म्हटलं, पकडलं! साध्वी अक्का, सगळ्या घराला भात मोजून घालणाऱ्या, स्वतः मागच्या दाराने माझी पोंगल चापत होत्या! म्हणून डॉक्टर ओरडल्या होत्या तर. मी ती वही छातीशी धरून वसूकडे धावले, "बघ, तुझी अत्या बघ! केवढं खायची!"

वसूने माझ्याकडे पाहिलं. तिचं तोंड तुमच्यासारखं झालंय, अक्का, तुम्हाला माहीत आहे का? तिने वही माझ्या हातातून घेतली.

"अत्या कुठें खात होती, आई? तें माझं."

"म्हणजे?"

"तूं म्हणालीस नां, माझ्या नावावर लिहायचं नाही. मग तिनें तिच्या नावावर लिहिलं. वाटी वहीतून सुटायला नको म्हणाली, आणि आईचा शब्दही मोडायचा नाही म्हणाली."

मग तिने स्वतःचा रकाना दाखवला. प्रत्येक वाटीच्या दिवशी फेऱ्या एकने जास्त. "प्रसाद घेतला तर प्रदक्षिणा नको कां, असं अत्या म्हणायची. आणि तुला सांगूं नको म्हणाली. डॉक्टरपुढें आईची मान खाली जाईल म्हणून."

म्हणून तुमची गेली! आणि मी गजरा घेतला.

मी तिला विचारलं, मग अत्या गेल्यावर वाटी का सोडलीस? ती म्हणाली, "आतां कुणाच्या नावावर लिहूं?"

अक्का, मी जिन्यात बसून रडले. आणि रडतानाही, विश्वास ठेवा, माझ्या मनात आलं, हेही यांनाच सुचावं! माझी चूकसुद्धा तुम्हीच उचललीत, मला माझी म्हणून धरायला तीही ठेवली नाहीत. आणि चुकलंच तुमचं, मी तोंडावर सांगते. गप्प का राहिलात? पोरीच्या जिवाचा प्रश्न होता. डॉक्टरांना खोटं कळलं, आणि सहा महिने ते वजन हललं नाही. ती वही माझ्या अंगावर फेकायची होती. ओरडायचं होतं, शिटी वाजवायची होती! मी भांडले असते, आठवडाभर जेवले नसते, पण थांबले असते. असं मला वाटतं. तुम्हाला नसेल वाटलं. माझी तेवढी खात्री तुम्हाला नव्हती, आणि ती का नव्हती हेही मला ठाऊक आहे.

आज पहाटे वसू बूट घालत होती. मी पायात चप्पल सरकवली आणि तिच्या मागे निघाले. पहिल्याच फेरीत खंदकापाशी मला दम लागला, कुशीत कळ आली. ती पुढे गेली होती. ती थांबली, मागे आली, आणि माझ्या चालीने चालायला लागली. काही वेळाने शाळेतली कसलीशी गोष्ट सांगू लागली आणि दोघी हसलो. घरी आलो तेव्हा हे दारात उभे होते. म्हणाले, काय एवढं हसत होता? मी म्हटलं, काही नाही, असंच.

मग मी वही घेतली आणि माझ्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: फेरी, एक.

आता ऐका. शुक्रवारचा नैवेद्य चालू राहील, पण प्रसाद तळहातावरच मिळेल, आणि वसूने घेतला तर वसूच्या रकान्यात, मी घेतला तर माझ्या रकान्यात लिहिला जाईल. फेऱ्यांना मी रोज जाईन. पाऊस असला तरी, तुमचा राग आला तरी. हा शब्द मी तुम्हाला देते.

आणि उद्या तुमच्या पानावर शर्करा पोंगल. श्राद्धाच्या पानावर हे बसत नाही म्हणून शास्त्री कुरकुरतील, कुरकुरू देत. तुम्ही दारात उभ्या राहून तो एवढा मोठा श्वास कशासाठी घ्यायचात ते मला आता कळलंय. गूळ आणून ठेवलाय. तूप सढळ घालीन, वेलची घालीन, कापूर ज्यास्त नाही घालणार. वाटी काठोकाठ भरीन. कावळा होऊन या, नाहीतर कशाही या, पण पुरती खा, वसूला एक घासही ठेवू नका. मग मी वही उघडीन आणि तुमच्या रकान्यात शेवटची ओळ माझ्या हाताने लिहीन: शर्करा पोंगल, एक वाटी. आणि त्या सगळ्या वाट्यांपैकी तेवढी एक ओळ खरी असेल.

अजूनही तुमच्यावर जळणारी,
तुमची भावजय
सरोजा